नक्कलच करायची होती तर लंडनला कशाला?

"एवढं कर्ज काढून लंडनला चित्रकला शिकायला गेलीस आणि दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करतेस?" काका, मावशी, जुने वर्गमित्र, सगळ्यांचं पालुपद हेच. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं सांगूनच टाकते.

यान व्हान आइक या जुन्या युरोपीय चित्रकाराचा लाल पागोट्यातला माणूस, १४३३ सालचा, इथल्या नॅशनल गॅलरीत आहे. मी नक्कल केली ती त्याचीच. आकार जेमतेम वहीच्या पानाएवढा. ओकची फळी, तिच्यावर खडू-सरसाचं अस्तर, मग तेलरंगाचे पातळ थर. फोटोत ते पागोटं नुसतं लाल दिसतं. रंगवायला बसलं की कळतं, हिंगुळावर, म्हणजे खालच्या दाट शेंदरी लालावर, पारदर्शक लालाचे हात चढल्याशिवाय चुणीला खोली येत नाही, आणि खालचा हात वाळल्याशिवाय वरचा देता येत नाही. डोळ्याच्या पांढऱ्यातल्या बारीक शिरा तर ओल्या रंगातच ओढलेल्या आहेत. हे पुस्तकातून शिका बघू!

आपल्याच जे. जे.च्या मुलांनी ग्रिफिथ्स या ब्रिटिश शिक्षकाच्या हाताखाली अजिंठ्याच्या नकला केल्या, त्याचं आपण कौतुक करतो. मी केली की पोरगी वाया गेली.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. सत्राअखेर बाहेरचे एक चित्रकार कामं बघायला आले. माझ्या फळीसमोर वाकले, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याचा तो भाग बराच वेळ न्याहाळला. मला वाटलं, जिंकलं. ते म्हणाले, "हात चांगला आहे. पण यात तू कुठे आहेस?" सगळा वर्ग बघत होता. मी मंजिष्ठेचा लाल, तोच वरचा पारदर्शक हात, किती सावकाश वाळतो ते सांगायला लागले. त्यांनी मान डोलावली आणि शेजारी गेले. शेजारणीने कॅनव्हासवर बसची फाटकी तिकिटं चिकटवली होती. तिथे मात्र गप्पा रंगल्या. तिकिटं तरी तिने छापली होती का? त्या रात्री जेवण गेलं नाही.

राग खरा होता. पण पुण्यात असताना हाच प्रश्न मीच इतरांना विचारायचे, तोही टेचात. तेव्हाची मी त्या चित्रकाराच्याच बाजूने उभी राहिली असती. तिला काय उत्तर देऊ? हल्ली स्वतःचं चित्र काढायला बसले तरी उजेड डावीकडूनच येतो, मागची बाजू आपोआप काळी होते. याला शिकणं म्हणायचं की अडकणं, रोज मत बदलतं.

पुढच्या सत्रात व्हान आइकच्याच काळातल्या काँपँ या चित्रकाराची पांढऱ्या शिरोवस्त्रातली बाई करायला घेतेय. तीही नक्कलच. काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या, नंतर मी फोन उचलणार नाही.