दहावीनंतरचा उन्हाळा

गेली काही वर्षे मी बीड जिल्ह्यातील एका गावात आठवी ते दहावीच्या मुलींच्या किशोरी गटाची स्वयंसेवक मार्गदर्शक म्हणून काम करते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्याच शाळेच्या एका वर्गात आम्ही बसतो. मुली मला ताई म्हणतात आणि पाळी, आहार, अभ्यास, मोबाईल, घरातली भांडणे, बसस्टँडवर मागे लागणारी मुले अशा कोणत्याही विषयावर तेथे मोकळेपणाने बोलतात. या कामातून माझे एक ठाम मत झाले आहे. मुलीला ताईची सर्वांत जास्त गरज असते ती दहावीचा शेवटचा पेपर झाल्यापासून अकरावीचा प्रवेश पक्का होईपर्यंतच्या तीन-चार महिन्यांत, आणि शाळेला सुट्टी असते म्हणून नेमके तेव्हाच असे अनेक गट बंद असतात.

याचे कारण आमच्या भागाच्या वर्षाच्या रहाटीतच आहे. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात, आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यामागे. त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो, तर वयात आलेल्या मुलीला पुढच्या हंगामात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवून जायचे कसे, याची धास्ती आईबापांना असते. मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपलेली असते, निकाल मे महिन्यात लागायचा असतो, लग्नसराई सुरू असते आणि पाहुणे घरी येत असतात. शाळेत जाणारी मुलगी असे तिला आता कोणी म्हणत नाही, कारण तिची शाळा संपलेली असते आणि कॉलेज अजून मिळालेले नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. या आकड्यामागे या उन्हाळ्याचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

२००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, गावात ग्रामसेवकावर त्याची जबाबदारी आहे आणि १०९८ हा बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक आमच्या प्रत्येक मुलीला तोंडपाठ आहे. तारीख ठरल्याचे कळले तर आम्ही त्याचा वापर करतो, त्यात संकोच करत नाही. परंतु तारीख ठरेपर्यंत थांबणे हेच मुळात चुकीचे आहे, कारण त्याच्या कितीतरी आधी घरात जे प्रश्न उभे असतात ते बहुधा अगदी साधे, सुटण्यासारखे असतात. एका मुलीचे वडील मला म्हणाले, ‘‘मॅडम, पोरगी शिकलेली आम्हालाबी पाहिजेच की. पण कॉलेज तालुक्याला. सांजच्याला गाडी चुकली तर तिला आणायचं कोणी?’’ या माणसाला शिक्षणाचे महत्त्व सांगण्यात काहीच अर्थ नव्हता. आम्ही एसटीच्या वेळा कागदावर लिहून नेल्या, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट मिळतो हे सांगितले, आणि वस्तीवरची आणखी एक मुलगी त्याच कॉलेजला जाणार आहे याची तिच्या आईकडून त्यांच्यासमोरच खात्री करून घेतली. त्यांचा नकार तेथे संपला.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्यामुळे या कामाला आणखी एक बाजू आली आहे. महा ई-सेवा केंद्रात दुपारच्या उन्हात रांग लागलेली असते, मुलीची वेळ येते, अर्ज उघडतो आणि ओटीपी जातो तो वडिलांच्या अशा नंबरवर, जो कारखान्याच्या गावी सिम बदलल्यावर कधीच बंद पडलेला असतो. मुलगी गोंधळून घरी परतते आणि घरचे म्हणतात, जाऊ दे, नाहीतरी. त्या ‘नाहीतरी’ची मला फार भीती वाटते. दहापर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम देता येतो. तो घाईघाईत केंद्रातल्या मुलाने भरला तर जिथे एसटीच जात नाही असे कॉलेज मिळू शकते, आणि असे मिळालेले कॉलेज न मिळाल्यासारखेच असते. तेव्हा शेजारी बसून, गावाचा रस्ता डोळ्यांसमोर आणून एकेक नाव भरणे हे माझ्या लेखी कोणत्याही व्याख्यानाहून मोलाचे मार्गदर्शन आहे.

नापास झालेल्या मुलींकडे तर निकालाच्या दिवशीच जावे लागते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला बसता येते, पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते, आणि शाळा सुटलीच तर बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. हे त्या दिवशी घरात कोणालाच सुचत नाही.

अर्थात उन्हाळ्यात उंबरठा ओलांडू दिला जातो तो वर्षभराच्या ओळखीवर. लोहाची निळी गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते म्हणून मुली ती खिडकीतून टाकतात. ती जेवून घ्यावी, लगेच वर चहा पिऊ नये, एवढे नीट सांगितले की त्या घेतात, आणि मग त्यांच्या आयांनाही आपल्याशी बोलावेसे वाटू लागते. गोपनीयतेविषयी मात्र मी पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलते: तुम्ही सांगितलेले मी गावात कुठेही बोलणार नाही, पण कोणाच्या शरीराला किंवा जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांबाबत तर पॉक्सो कायद्याने तशी सक्तीच आहे, आणि ते आधी माहीत असणे हा मुलींचा हक्क आहे.

यंदा शेवटचा पेपर झाल्यानंतरच्या शनिवारीच आम्ही बसणार आहोत. प्रत्येकीचे आधार, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि घरातला एक चालू मोबाईल नंबर, इतके त्या दिवशी तपासायचे आहे. ज्यांना मार्गदर्शक म्हणून काम करण्याची इच्छा आहे त्यांनी जूनमध्ये शाळा उघडण्याची वाट न पाहता एप्रिलमध्येच यावे. दुपारचे दोन तास ई-सेवा केंद्रात मुलीच्या शेजारी बसू शकणारी माणसे आम्हाला हवी आहेत.