संध्याकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी

मी ३४ वर्षं मध्य रेल्वेच्या लोकल चालवल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मिनिटांचा हिशोब काही अंगातून जात नाही. त्यामुळे नातवाने माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला, तेव्हा मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ७ वाजून ४ मिनिटं. दंडाकडे मग.

नातू साडेतीन वर्षांचा. खरं नाव इथे लिहीत नाही, घरात सगळे बंडू म्हणतात आणि जूनपासून तो ते नाव सार्थ करतोय. चावणं, जमिनीवर लोळण घेणं, रिमोट भिरकावणं. बालवाडीतून रोज एकच निरोप : 'ऐकतच नाही.' माझं निदान तयार होतं, लाडावलाय. हिचं निदान, दृष्ट लागली. सूनबाईचं निदान तिने बोलून दाखवलं नाही, पण ते बहुधा मी आणि ही असं दोघं होतो.

मी डायरी लिहायला घेतली. जुनी सवय. मंगळवार ७.०४, चावला. बुधवार ७.१०, रिमोट फेकला. गुरुवार ६.५२, आईला लाथ मारली. आठवडाभराने बालवाडीत येणाऱ्या समुपदेशक ताईंना मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "आबा, ही तर गुन्ह्यांची यादी झाली. त्याच्या आधी काय झालं, ते कुठाय? आणि नंतर तुम्ही काय केलंत?" मग पट्टी घेऊन पानावर तीन रकाने आखून दिले : आधी, काय केलं, नंतर.

घरी येताना भांडुपच्या पुलावर मला माझीच लाज वाटली. कारण हे मला माहीत असायला हवं होतं. मोटरमनने लाल सिग्नल ओलांडला की चौकशी बसते. शिक्षा होतेच, पण त्याआधी काय काय विचारतात? आधी विश्रांती किती मिळाली होती, सिग्नल लांबून दिसत होता का, ब्रेक नीट लागत होता का. साठीकडे झुकलेल्या माणसाला रेल्वे एवढे प्रश्न विचारते. साडेतीन वर्षांच्या पोराला आम्ही एकही विचारला नव्हता. थेट आरोपपत्र.

तर रकाने भरायला लागलो. ११ दिवसांत १९ नोंदी झाल्या, त्यातल्या १३ संध्याकाळी पावणेसात ते साडेसातच्या मधल्या. ताईंना यात काही नवल वाटलं नाही. फ्लोरेन्स गुडइनफ नावाच्या अमेरिकन बाईंनी मिनेसोटात आयांनाच मुलांच्या रागाच्या नोंदी ठेवायला लावल्या होत्या, ते १९३१ साली छापून आलं. जेवणाच्या आधीची वेळ तेव्हाही अवघडच निघाली होती. म्हणजे बंडूचा जन्म व्हायच्या नव्वद वर्षं आधी कोणीतरी माझी डायरी लिहून ठेवली होती.

आमच्या घरात पावणेसातला काय होतं ते सांगतो. सूनबाईची गाडी सहा बत्तीसला स्टेशनात लागते. ती रिक्षाने वर येते, दार उघडते. कुकरची दुसरी शिट्टी झालेली असते, टीव्हीवर हिची मालिका. बंडू दुपारी चारपासून विचारत असतो, "आई कधी?" आणि आई येते ती कानाला फोन लावून, हाताने 'एक मिनिट, एक मिनिट' करत बाथरूममध्ये जाते. दिवसभर ज्याची वाट बघितली ते माणूस दारातून आलं आणि दुसऱ्या दारातून गेलं. ७.०४ चा चावा इथला होता. माझा दंड फक्त जवळ होता.

पण तेवढंच नाही. त्याच मिनिटाला त्याचं पोट रिकामं असतं, कारण चारला दूध-बिस्किटं आणि मग थेट साडेआठला वरण-भात. आणि झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची धरून, १० ते १३ तास झोप लागते. बंडूची मी मोजली : रात्री साडेदहा ते सकाळी सात, म्हणजे साडेआठ. दुपारची बंद पडलेली. का बंद पडली? तर दुपारी हॉलमध्ये टीव्ही चालू असतो. टीव्ही कोण लावतं? क्रिकेट कोण बघतं? हा रकाना मी दोन दिवस कोरा ठेवला होता.

आमच्या कामात एवढ्या कमी विश्रांतीवर माणसाला गाडी दिली तर युनियन उभी राहिली असती. त्यात मोठ्या माणसाच्या डोक्यात निदान ब्रेक तरी बसवलेला असतो. मेंदूचा पुढचा भाग, जो हाताला 'थांब' म्हणतो, तो पुरता तयार व्हायला पंचविशीच्या आसपास पोचावं लागतं. साडेतीन वर्षांच्या गाडीत मोटर जोरदार आहे, ब्रेकचं काम अजून चालू आहे. (सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्हाला सगळीकडे लोकलच दिसते." खरं आहे. दुसरं काही बघितलंच नाही.)

हिच्या दृष्टीबद्दल एक सांगायचं राहिलं. ही मीठ-मोहऱ्या ओवाळते आणि खरंच, बरेचदा बंडू शांत होतो. मी हसायचो. मग एकदा 'आधी' आणि 'नंतर' असं नीट बघितलं. दृष्ट काढताना टीव्ही बंद होतो. सगळे गप्प बसतात. कोणीतरी त्याला मांडीवर घेतं आणि पाच मिनिटं घरातल्या सगळ्यांचं लक्ष फक्त त्याच्याकडे असतं. मी हसणं बंद केलं.

आता 'ऐकतच नाही'चं. एक नोंद अशी होती : रविवार सकाळ, तो पाठमोरा बसून गाड्यांची रांग लावतोय. मी मागून हाक मारली, बंडू. नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा ओरडलो. ढिम्म. माझा पारा चढला, उठलो, आणि उठताना माझी काठी फरशीवर पडली. तो पटकन वळला आणि हसून म्हणाला, "आबा, तू कधी आलास?"

मी तासभर तिथेच होतो.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. पावसाळ्यात त्याला सर्दी एकामागून एक झालेल्या, आणि दोन्ही पडद्यांच्या मागे पाणी साठलेलं निघालं. लहान मुलांत कानातून घशाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे पाणी सहज निचरत नाही. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं, दोन्ही कानांत बोटं घाला, आता मी बोलतो. ऐकू आलं, पण शब्द लागेनात. आणि हे रोज सारखं नसतं, सर्दी कमी-जास्त तसं तेही कमी-जास्त. त्यामुळे घरच्यांना वाटतं, हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं लबाडाला. वेफर्सचं पाकीट फोडलं की कसा धावतो, हे वाक्य मीच शंभर वेळा म्हटलेलं.

मग बालवाडीतलं ढकलणं कळलं. तीस पोरं, दोन पंखे, हा मागच्या रांगेत. बाई सांगतात 'पाणी प्यायला उठा', याला ते पोचतच नाही. एकदम सगळे उठून अंगावर येतात. हा ढकलतो. ऐकत नाही आणि ऐकू येत नाही, यात आम्ही मराठी माणसांनी दोनच अक्षरांचा फरक ठेवलाय, चूक त्या पोराची नाही.

मला ३४ वर्षं दर थोड्या वर्षांनी डोळे तपासून गाडीवर सोडलं. त्याला मी न तपासताच सोडला होता.

औषधापेक्षा डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बरेचदा पाणी आपोआप जातं. तोपर्यंत समोर जाऊन, त्याच्या उंचीला बसून बोलायचं. बाईंनी पहिल्या रांगेत घेतलं. माझे गुडघे बोलतात, पण जमतं.

तिसऱ्या रकान्यात मात्र सगळी आमचीच पापं निघाली. मोबाइल. सोमवारी रडला, दिला नाही. मंगळवारी दिला नाही. बुधवारी पाहुणे होते, वीस मिनिटं ऐकून मी दिला. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना दाणे देऊन हे बघितलं होतं : दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असलं की कबुतर चोच मारणं लवकर सोडत नाही. मी नातवाला वीस मिनिटं रडण्याचं रीतसर ट्रेनिंग दिलं होतं. आम्ही ठामपणे बंद केला तेव्हा पहिले तीन दिवस रडणं दुप्पट झालं. ताईंनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो. चौथ्या दिवशी कमी झालं. शेजाऱ्यांना मी जिन्यात माफी मागून ठेवली होती.

आणि पिवळा सिग्नल. आम्ही त्याला हिरव्यावरून एकदम लालवर आणायचो : खेळतोय, उचल, आंघोळीला चल. आता आधी सांगतो, "बंडू, या दोन गाड्या कारशेडला लाव, मग आंघोळ." घड्याळातली पाच मिनिटं त्याला कळत नाहीत. दोन गाड्या कळतात.

हे लिहिताना मुलाची, म्हणजे बंडूच्या बापाची, आठवण येते. तोही असाच लोळायचा म्हणे. 'म्हणे', कारण संध्याकाळी सातला मी कुठल्यातरी केबिनमध्ये असायचो. घरी आलो की हिच्याकडून तक्रार ऐकायची आणि झोपलेल्याला उठवून दोन फटके द्यायचे. काही तासांपूर्वीच्या गुन्ह्याला. त्याला ते कशाबद्दल आहेत ते कळत तरी होतं का, हे मी त्याला परवा विचारलं. तो म्हणाला, "बाबा, जाऊ दे ना." आणि विषय बदलला.

गेल्या गुरुवारी ७.०४ ला सूनबाई आली. फोन पर्समध्ये, पर्स खांद्यावरच, चपलांच्या कपाटाशेजारी जमिनीवर बसली आणि दहा मिनिटं उठली नाही. बंडूने तिला बालवाडीतल्या उंदराची गोष्ट सांगितली, शेवट दोनदा सांगितला. मग मागे लागून केळं खाल्लं. नोंद नाही.

शनिवारी सकाळी ११.२० ला माझा चष्मा फेकला. झोप झालेली, पोट भरलेलं, टीव्ही बंद, मोबाइलचा प्रश्नच नाही. 'आधी'च्या रकान्यात सूनबाईने पेन्सिलीने लिहिलंय, 'पाऊस, खाली जायला मिळालं नाही.' मला काही पटत नाही. मी शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.