वाशीचा कर्णा, रबाळ्याचं रबर

माझा ग्रामोफोन पेटीचा आहे, एचएमव्ही 102. हे मॉडेल 1931 मध्ये आलं. याला वरती कर्णा नसतो, तो पेटीच्या पोटातच दुमडलेला असतो. हे नीट समजावूनही वाशीच्या एका दुकानदाराने मला आधी कर्ण्याचा ग्रामोफोनच दाखवला.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने गेले. पिशवीत माझ्या ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग आणि साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवायचा, पडद्यातून आवाज काढणारा गोल डबा. ऐरोलीनंतर बसायला मिळालं, प्रवासाचं एवढंच.

"इंग्रजांच्या काळचा पीस आहे, मॅडम." पितळ लखलखत होतं. पेटीला मात्र ताज्या पॉलिशचा वास, आणि दर्शनी बाजूचं कुत्र्याचं चित्र कालच चिकटवल्यासारखं. टर्नटेबल (तबकडी ठेवायची फिरती थाळी) उचलून बघू का म्हटलं, तर नाखुशीनेच हो म्हणाला. खाली एका ड्रमची, म्हणजे एकाच स्प्रिंगची छोटी मोटर, वेग सांभाळणारा तीन वजनांचा गव्हर्नर. सरळसरळ माझ्यासारख्या एखाद्या पेटीच्या ग्रामोफोनची! कुणीतरी धडधाकट पेटी मोडून तिचं काळीज या नव्या लाकडात बसवलं होतं. दिवाणखान्यात मिरवायच्या या कर्ण्यांपायी अशा किती पेट्या भंगारात गेल्या असतील! आम्ही एका स्प्रिंगसाठी गावभर फिरतो आणि स्प्रिंगा इथे अडकून पडल्यात.

"मला फक्त मोटर द्या."

"सुटं देत नाही. कर्णा घ्या, मोटर आतच आहे." अठरा हजार!

मग साउंडबॉक्सचा खण उघडला. "कुठलाही घ्या, सगळे बसतात." बसतात कसले? पहिल्यात अभ्रकाचा पडदा होता, म्हणजे चार नंबर, आधीच्या 101 मॉडेलवर येणारा. माझा 5ए, त्याचा पडदा अ‍ॅल्युमिनियमचा. 5ए एक सापडलाही, पण जस्ताच्या मिश्रधातूची पाठ फुगून तडकलेली. त्या धातूला एकदा तडे जायला लागले की इलाज नाही. ठेवून दिला. चहा विचारला नाही, तेही लक्षात आहे.

परतताना रबाळ्याला उतरले. एमआयडीसीत रबराचे सुटे भाग करणारे एक मामा आहेत. ग्रामोफोन त्यांनी आयुष्यात उघडलेला नव्हता. माझ्या साउंडबॉक्सची गॅस्केट, म्हणजे पडद्याच्या कडेची रबरी कडी, नखाने दाबली तर तिचा भुगा झाला. "हे रबर राहिलंच नाही ताई, खडी झालीये." मग व्हर्नियर लावून खाचेचं माप घेतलं, मऊ सिलिकॉनची बारीक नळी निवडली. "कडक घातलं तर पत्रा दबून बसेल, हलणार कसा?" आवाजाचं सगळं गणित या माणसाला न ऐकताच कळलं होतं. साठ रुपये घेतले आणि वर कटिंग पाजली.

आवाज आता मोकळा येईल, पण चावी भरायला स्प्रिंग हवी. माझी 25 मि.मी. रुंद आहे. कुणाकडे असेल तर कळवा, टोकाच्या भोकाचा फोटो आधी पाठवा. कर्णा नको.