ऑर्डर दुप्पट झाली आणि खात्यातला पैसा आटला

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं युनिट आहे. मामेभाऊ आणि मी ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगला (तार बाहेर काढायच्या इन्सुलेटरला) लागणारे पितळी स्टड आणि नट बनवतो. वडोदऱ्यात ट्रान्सफॉर्मरचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे गिऱ्हाईक शोधत लांब जावं लागलं नाही. अडचण आली ती मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर दुप्पट केल्यावर. त्याच तिमाहीत पगाराला पैसे कमी पडले.

पितळेचे रॉड जामनगरहून येतात आणि पैसे आधी मोजावे लागतात. षटकोनी रॉडमधून नट काढला की बराचसा माल कीस होऊन ट्रेमध्ये पडतो. तो निथळून, पोत्यात भरून, वजन करून परत जामनगरला जातो. त्याची रक्कम पुढच्या बिलातून वळती होते. तोवर तीही अडकलेलीच. आणि गिऱ्हाईक पैसे देणार तीन महिन्यांनी. "बेन, पुढच्या आठवड्यात नक्की."

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, होतीच. तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापला आणि 45 दिवसांचे लेखी करार करायला घेतले. 2006 च्या एमएसएमईडी, म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, नसेल तर 15. शिवाय 2023-24 पासून मुदत उलटलेली रक्कम चुकती होईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे अकाउंट्सवाल्यांना लगेच कळतं, म्हणून मी खरेदी विभाग सोडून थेट त्यांच्याकडेच गेले. एक गिऱ्हाईक बधलं नाही. त्याचं काम आम्ही कमी केलं. भावाच्या ते जिवावर आलं होतं, पण मला आजही तोच निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज. बँकेने अंदाजित वार्षिक उलाढालीच्या 20 टक्के हिशेबाने मर्यादा ठरवली. दांडियाबाजारातलं घर गहाण टाकायचं नव्हतं, म्हणून सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची हमी घेतली. तिची फी दरवर्षी भरावी लागते. मात्र मंजूर झालेली सगळी रक्कम उचलता येतेच असं नाही. दर महिन्याला स्टॉक आणि येण्यांचं (गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांचं) स्टेटमेंट द्यायचं, आणि 90 दिवसांपेक्षा जुनी येणी बँक धरत नाही. म्हणजे वसुली रखडली की उचलही घटते.

येण्यांचा हा कागद मी केबिनमध्ये ठेवत नाही. दर सोमवारी सुपरवायझर आणि अकाउंटंटसमोर येण्यांची यादी मांडते. आता नवी ऑर्डर आली की सुपरवायझरच विचारतात, "ताई, यांचं मागचं बिल आलं का?" आलं नसेल तर रॉड मशीनवर चढवायचा की नाही, ते तेच ठरवतात.