तुम्ही विचारलंत म्हणून: गोणीभर कांदा आणि बाकीचा हिशोब

परवा डबा खाताना ऑफिसातल्या नवीन मुलीने परत तोच प्रश्न विचारला, "ताई, तुमचं भागतं कसं हो?" तिच्या आधी जाऊबाईंनी विचारून झालंय, खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर दोनदा. कारण आमच्या घरी माणसं पाच, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत अकाउंट्सला, नवऱ्याचा पगार कधी वेळेवर तर कधी महिनाभर उशिरा, आणि तरी आमच्याकडे वीस तारखेनंतर कोणाचा आवाज चढत नाही. त्या पोरीला वाटलं मी एखादं ॲप सांगेन. मी म्हटलं बाई, सांगते, पण ऐकून तुझी निराशा होईल.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी मी आमच्या घरातल्या काटकसरीच्या सगळ्या सवयी एका वहीत लिहून काढल्या आणि प्रत्येकीपुढे महिन्याला किती वाचतात ते मांडलं, अकाउंट्सवाल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय. आणि निम्म्या सवयी शून्यावर निघाल्या! उदाहरण द्यायचं तर मी दर रविवारी सिडकोतून पंचवटीत मार्केट यार्डाला भाजी आणायला जायचे, स्वस्त मिळते म्हणून. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, म्हणजे स्कूटरचं पन्नासेक रुपयांचं पेट्रोल, आणि भाजीत वाचायचे चाळीस, वर स्वस्त दिसली म्हणून आणलेली मेथीची तिसरी जुडी बुधवारी पिवळी पडून कचऱ्यात जायची. आता कोपऱ्यावरच्या मावशींकडूनच घेते, त्या कढीपत्ता फुकट देतात.

दोडक्याच्या शिरांची चटणी पण तशीच. सासूबाईंनी शिकवलेली. शिरा काढून बारीक चिरायच्या, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ, आणि गार झालं की हातानेच चुरायचं, मिक्सरला लावायचं नाही, पीठ होतं. वर्षानुवर्षं मी ही चटणी काटकसर समजून करत होते, आणि हिशोब लावला तर खोबरं आणि तीळ धरून ती मूळ दोडक्यापेक्षा महाग! करते अजून, सासऱ्यांना भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही, पण वहीतून तिचं नाव खोडलं.

मग खरंच वाचतं कशात? सगळ्यात आधी कांदा, कारण त्यात मी एकदा सणसणीत आपटलेय. लग्नानंतरचं दुसरं वर्ष, जानेवारी महिना, यार्डात लाल कांदा कवडीमोल होता, मी हुशारी करून चाळीस किलोची गोणी उचलली आणि तशीच बांधलेली बाल्कनीत ठेवली. महिनाभरात अर्ध्याला कोंब, उरलेल्याला पाणी सुटलं, जिन्यात वास, शेजारी विचारायला लागले काही मेलंय का. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अगं, तो पोळ कांदा, तो काय टिकणारे?" नाशकात राहून मला एवढं माहीत नव्हतं की पावसाळी लाल कांदा लगेच खायचा असतो, साठवायचा तो उन्हाळ. एप्रिल-मेमध्ये येतो, रंग फिकट, वरची साल कागदासारखी कोरडी, आणि मुख्य म्हणजे मान, म्हणजे पात निघते ते टोक, बारीक, सुकलेली. मान जाड आणि ओली असली तर घेऊच नका, तिथूनच सडतो.

तेव्हापासून दर मे महिन्यात एक गोणी. जिन्याखालच्या जागेत विटांवर फळ्या टाकल्यात, त्यावर गोणपाट, त्यावर कांदा मोकळा पसरलेला, वारा खेळला पाहिजे. बटाटे शेजारी ठेवायचे नाहीत. आठवड्यातून एकदा खालवर करायचा आणि मऊ लागेल तो त्याच दिवशी चिरायचा, आमच्याकडे शनिवारी कांद्याची भाजी किंवा थालीपीठ असतं त्यामागे एवढंच कारण आहे, पोरांना वाटतं आईला आवडतं म्हणून. चाळीस किलोतला पाच-सहा किलो सुकण्यात आणि खराब होण्यात जातो असं धरूनच चालायचं, बाकीचा दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. वाचतात किती, तर साधारण वर्षाला पाचशे-सहाशे, ज्या वर्षी भाव पडलेलेच राहतात त्या वर्षी काहीच नाही. २०१९ ला कांदा शंभरीपार गेला तेव्हा सगळे म्हणाले तुझी बाई मजा आहे, पण माझी गोणी नोव्हेंबरातच संपली होती, डिसेंबरात मीही शंभरनेच घेतला, पाव-पाव किलो.

विजेचं मात्र नीट समजून घ्या, त्यात लोकांचा गैरसमज फार. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात, शंभर युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला जवळपास दुप्पट, पुढे आणखी. अनेकांना वाटतं शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महागलं, तसं नसतं, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण ह्याचा अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते कायम महागातलं वाचवता. आमचे जुने पंखे ७५ वॅटचे होते, नवीन बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास घेतो, दिवसाला पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिटं कमी. हॉलचा आणि सासऱ्यांच्या खोलीचा बदलला, दीड-दोन वर्षांत पैसे वसूल होतात. आणि आधी मी काय करत होते तर मोबाईलचे चार्जर प्लगमधून काढत फिरत होते, पोरांवर ओरडत होते, त्यातून महिन्याला दहा रुपयेसुद्धा वाचत नव्हते आणि डोकं फिरायचं ते वेगळं.

दूध फुल क्रीमचं एक लिटर रोजचं, तापवून गार करून फ्रीजमध्ये ठेवलं की दुसऱ्या दिवशी जाड साय येते, आठवड्याची साठवून विरजण लावायचं आणि घुसळायचं. महिन्याला अर्धा किलोच्या आसपास तूप सुटतं, ताक मिळतं ते वेगळं, आणि बेरीत साखर घालून पोरं चाटून खातात. दुधाचे पैसे तर तेवढेच जातात, म्हणून हे तूप मी शंभर टक्के फायद्यात धरते. गॅसचं, डाळ तासभर भिजवते आणि कुकरला पहिली शिट्टी झाली की आच बारीक, सिलिंडर लावला ती तारीख कालनिर्णयवर लिहिते. आधी तीस दिवस जायचा, आता अडतीस-चाळीस.

आणि औषधं! हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं खरं तर. सासऱ्यांना बीपी आणि शुगर दोन्ही, मेडिकलचं बिल महिन्याला चौदाशेच्या घरात. डॉक्टरांना सरळ विचारलं की ह्याच गोळ्या जेनेरिक चालतील का, त्यांनी चिठ्ठीवर ब्रँडच्या जागी औषधाचं मूळ नाव लिहून दिलं, जनऔषधी केंद्रातून, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून घेतल्या, बिल चारशेच्या आत आलं. स्वतःच्या मनाने बदलू नका, विचारा, विचारायला लाज वाटते म्हणून आम्ही तीन वर्षं जास्तीचे भरले. तसंच एसटीचं, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, मी संगमनेरला माहेरी जाते ती आता बसनेच, आधी शेअर गाडीने जायचे कारण काय तर बस म्हणजे कमीपणा.

एक प्रयोग फसला तोही सांगते. नवऱ्याचा टपरीवरचा चहा, दिवसाला दोन, दहा-दहा रुपये, सव्वीस दिवस, म्हणजे पाचशे वीस! मी थर्मास भरून द्यायला लागले. आठ दिवस त्याने निमूट नेला आणि आठही दिवस घरी तोंड पाडून आला. मग एकदा बोलता बोलता म्हणाला, सगळे टपरीवर जातात आणि मी एकटा टेबलावर झाकणात चहा ओतून बसतो. थर्मास माळ्यावर गेला. पाचशे वीस वहीत "चहा" म्हणून नाही, "मित्र" म्हणून लिहिते.

भिशीतून मी बाहेर पडले, एकदा हात पोळलाय, कोणामुळे ते जाऊ दे. आता पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, शंभर रुपयांपासून सुरू करता येते, पाच वर्षांची, पगार झाला की आधी तो हप्ता आणि मग किराणा. पण त्या मुलीला मी शेवटी खरं काय ते सांगितलं, की ही सगळी कांदा-तूप-पंख्यांची बेरीज एका बाजूला आणि आमच्या घरात एका वेळी एकच ईएमआय चालतो हा नियम दुसऱ्या बाजूला. घराचा हप्ता सुरू आहे तोवर गाडी नाही, फोन हप्त्यावर नाही, फ्रीज बंद पडला तेव्हा एक अख्खा महिना शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ताक ठेवून काढला आणि मग रोखीने आणला. ती गप्प झाली, कारण तिच्या बोटांवर तीन हप्ते मोजून झाले होते, फोन, स्कूटर आणि कुठलातरी कोर्स. मी पुढे काही बोलले नाही, आपल्याला कोण शहाणपणा विचारतंय.

डबा धुताना मात्र तिने हळूच विचारलं, "ताई, तो कांदा मलाही आणाल का?" आणू की. येत्या रविवारी यार्डात जाणार आहे, फक्त स्कूटरवर पायाशी एकच गोणी मावते, त्यामुळे ती आणि मी अर्धी-अर्धी करणार आहोत, आणि तिला सांगून ठेवलंय, मान मी तपासणार, पैसे तू मोजायचे.