सेडियाच्या पोटाखाली

ट्रेलरवरून ती रॅलीची गाडी, मित्सुबिशीची सेडिया, उतरवायच्या आधीच मी टॉर्च घेऊन तिच्याखाली शिरलो. संप म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी. तिला खालून जपणारा संप गार्ड पुढच्या बाकापाशी हातभर फाटला होता आणि फाटलेली कड खाली लोंबत होती. त्या अवस्थेत गाडी कच्च्या रस्त्यावर घातली असती तर पहिल्याच मोठ्या दगडानं ती कड धरली असती आणि अख्खा गार्ड उपसून काढला असता. मग पुढचा दगड थेट संपवर. तेल गेलं की इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

2016 सालचा नोव्हेंबर होता. चिकमगळूरला आंतरराष्ट्रीय रॅली होती, एपीआरसी म्हणजे आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद मालिकेतली. पुण्याची ही पोरं सेडिया घेऊन निघाली होती. बंगळूर हायवेला आमचं कोल्हापूर लागतं, आणि कुणीतरी त्यांना उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपचा पत्ता दिला होता. तावडे हॉटेलपासून आत येईपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागे त्यांचा बराच वेळ गेला. माझ्या दारात आले तेव्हा मंगळवारची दुपार टळली होती. बुधवारी संध्याकाळी गाडी तिकडं पोचायलाच हवी होती, नंतर स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची तांत्रिक तपासणी.

ड्रायव्हर पंचविशीचा असेल. म्हणाला, "काका, टेस्टिंगमध्ये फाटला होता. एका ठिकाणी आर्गन वेल्डिंग मारून घेतलं, तर पुन्हा फाटला. तुम्ही जरा जाड टाका मारा आणि वरून एक पट्टी ठोका."

मी गार्ड खोलून टेबलावर घेतला. चीर वेल्डवर नव्हतीच, वेल्डच्या बाजूनं, एक बोट सोडून, सरळ गेली होती. आमच्या मिस्त्रींनी तिथं कानस ओढून बघितली आणि मान हलवली. प्लेट 6061 जातीच्या अॅल्युमिनियमची होती, टी-6 केलेली. ही जात कडक असते ती उष्णतेच्या प्रक्रियेमुळे. तिला आर्गन मारला की टाक्याशेजारची पट्टी मऊ पडते, आणि दगडाचा मार नेमका तिथंच बसला की ती फाटते. अजून जाड टाका म्हणजे अजून उष्णता, अजून रुंद मऊ पट्टी. मी स्पष्ट सांगितलं, यावर मी वेल्डिंग करणार नाही. नवा करू, पण पुढच्या बाकावर एकही टाका नसलेला, एकाच प्लेटचा.

पोरगा गप्प झाला. त्याच्या नॅव्हिगेटरनं मात्र विचारलं, "रात्रीत होईल?"

इथं रॅलीचा हिशेब सांगतो, म्हणजे घाई कशाची ते कळेल. तीन दिवस स्टेजेस, म्हणजे वेळ लावून पळायचे टप्पे. दोन स्टेजच्या मधला प्रवास साध्या रस्त्यानं, वाहतुकीचे नियम पाळून, आणि प्रत्येक टाइम कंट्रोलवर ठरल्या मिनिटाला हजर. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंद दंड, एक मिनिट लवकर गेलात तर पुरं एक मिनिट. मेकॅनिकनं गाडीला हात लावायचा तो फक्त सर्व्हिस पार्कमध्ये, घड्याळ लावून. रस्त्यात काही मोडलं तर ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर, आणि गाडीत जेवढी हत्यारं असतील तेवढी. त्या दोघांच्या हाती शाबूत गाडी राहावी यासाठी गार्ड असतो.

नियमांतही त्याला जागा होती. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या ग्रुप एन या गटाच्या नियमांत गाडीचे बहुतेक भाग मूळचेच ठेवावे लागत, पण रॅलीसाठी खालून संरक्षण लावायला परवानगी होती, फक्त ते काढता येण्याजोगं आणि इंजिन, गिअरबॉक्स, टाकी अशा भागांच्या रक्षणापुरतंच हवं. त्यामुळे उद्यमनगरात बनलेला गार्ड स्क्रुटिनीत अडणार नव्हता.

आता प्लेट. मला 5052 जातीच्या अॅल्युमिनियमची हवी होती, सहा मिमी. तिची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेवर अवलंबून नसते आणि ती वाकते छान. शिरोलीत टँकर बॉडी बांधणारे एक जण आहेत, त्यांच्याकडे तुकडा निघाला. पण नोटाबंदी नुकतीच झाली होती. पोरांच्या खिशात जुन्या पाचशेच्या गड्ड्या, बँकांसमोर रांगा. मी फोनवर पैशाचा विषय काढला तर ते म्हणाले, "त्ये बघू ओ नंतर. माणूस पाठवा, आणि लवकर पाठवा, मी घरला निघालोय." ओळखीवर एवढी महागाची प्लेट टेम्पोत पडली.

प्रेस ब्रेकवाला, म्हणजे यंत्रावर प्लेट वाकवून देणारा, वाय. पी. पोवारनगरात. शटर ओढत होता, थांबला. आधी कापलेल्या पट्टीवर नमुना वाकवून बघितला. रोलिंगच्या रेघा प्लेटवर दिसतात, बाक त्यांना आडवा घ्यायचा, रेघांच्या दिशेनं घेतला तर बाहेरची बाजू तडकते. पहिल्या नमुन्याच्या बाकावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा आला. मिस्त्रींनी नख फिरवलं आणि म्हणाले, "रेडियस वाढवा." मोठ्या गोलाईचा पंच लावला. दुसऱ्या नमुन्यावर बाक गुळगुळीत आला, मग खरी प्लेट घातली. बाक मोठा घेण्यात दुसराही फायदा होता. गार्डानं दगडाशी भांडायचं नसतं, त्याच्यावरून घसरून जायचं असतं, म्हणून पुढचा चढ लांबट हवा.

बाकी काम रात्री आमच्याच शेडमध्ये. बोल्टची डोकी प्लेटमध्ये बुडवून घेतली, नाहीतर दगड ती तासून काढतो आणि मग सर्व्हिसमध्ये बोल्ट निघत नाही. सगळे बोल्ट एकाच मापाचे, एका चावीत निघणारे. गिअरबॉक्सपर्यंत पोचायचं तर आधी गार्ड खाली यावा लागतो, आणि तिथं चाव्या बदलण्यात गेलेली मिनिटं दंडात जातात. मिस्त्रींनी लेथवर बुश काढले. संप आणि गार्ड यांच्यात दोन बोटं मोकळी ठेवली, मधे रबराचे ठोकळे. वजन दहा किलोच्या आसपास भरलं. तेवढाच तीन मिमी लोखंडी पत्र्याचा केला असता तर पंधराच्या जवळ गेला असता, आणि तेही पुढच्या चाकांच्या पुढे लटकलेलं.

पोरं भडंग खात बसली होती. झोपा म्हटलं तरी कुणी झोपलं नाही. ड्रायव्हर प्रत्येक बोल्ट स्वतः आवळून बघत होता. उजाडता उजाडता ट्रेलर कागलच्या दिशेनं गेला.

रॅलीचे तीन दिवस मी फोनवर वेळा बघत होतो. त्या मोसमाचं एपीआरसीचं विजेतेपद गौरव गिलनं स्कोडा फॅबियात मिळवलं, 2013 च्या पहिल्यानंतर त्याचं हे दुसरं. आमची सेडिया त्या पंगतीतली नव्हती. ती रविवारी शेवटच्या कंट्रोलवर आली, सगळ्या स्टेजेस पुऱ्या करून. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "तेल गळालं का?" नाही गळालं.

परतीच्या वाटेवर पोरं पुन्हा आली. गार्ड खोलून टेबलावर उलटा ठेवला, लाल माती धुतली आणि आम्ही सगळे वाकून बसलो. ओरखडे एकसारखे पसरलेले नव्हते. उजवी बाजू बरीचशी कोरी आणि मधोमधपासून डावीकडे खोल चरे, पुढून मागे सरळ. मी विचारलं, गाडी उजवीकडे काढत होतास का? तो चकित झाला. कॉफीच्या मळ्यातल्या त्या वाटांवर स्टेज दुसऱ्यांदा धावताना चाकोऱ्या खोल होतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. उजवं चाक चाकोरीबाहेर कडेवर ठेवून तो चालवत होता, त्यामुळे डावी बाजू उंचवट्यावर घासत गेली.

बाकाच्या मागं एक खळगा होता, अंगठा बसेल एवढा. वरच्या बाजूला त्याच जागी रबराच्या ठोकळ्यावर संपच्या कडेचा ठसा उमटला होता. म्हणजे ठेवलेलं सगळं अंतर त्या एका दगडानं खाल्लं होतं. नॅव्हिगेटरनं पेस नोट्सची, म्हणजे रस्त्याच्या वळणांच्या नोंदींची, वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं क्रेस्टनंतर, म्हणजे चढाच्या माथ्यानंतर, डावं वळण होतं, पुढे 'डोन्ट कट', म्हणजे वळण आतून कापू नको, असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. ड्रायव्हरनं वहीकडं बघितलं, खळग्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तिथंच."

मिस्त्रींनी तोवर खडूनं टेबलावर नवा आराखडा काढायला घेतला होता. डाव्या बाजूला, चरे पडले तिथं, खालून एक जादा झिजपट्टी, बोल्टनं बसवलेली, झिजली की बदलता येईल अशी. ठोकळे थोडे उंच. ड्रायव्हर म्हणाला, "काका, दोन करा, एक स्पेअर राहील." शिरोलीच्या मालकांना मी त्याच संध्याकाळी आणखी दोन प्लेटांसाठी फोन केला. आधीच्या प्लेटचा चेक त्यांना पोचला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी पोचली न्हवं?"