मे महिन्यात रत्नागिरीच्या घरी दहा दिवस: तिथी पाहून आखलेली सुट्टी

मुक्काम रत्नागिरी तालुक्यातल्या घरी, शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, आरे-वारेच्या बाजूला. माणसं सात: दोन आजी-आजोबा वयाची, दोन मुलं, बाकीचे मधल्या वयाचे. गाडी एक. वैशाख शुद्ध सप्तमीला पोचून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी परत. मुक्काम इंग्रजी तारखांवर न आखता तिथीवर आखला, कारण समुद्राशी संबंधित सगळं तिथीवर चालतं आणि मे महिन्यात कोकणात अर्धा कार्यक्रम समुद्राशीच असतो.

आधी पोचण्याचं. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी सुटतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे 5 मेचं तिकीट 6 मार्चला सकाळी आठ वाजता. मेमधल्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात, त्यामुळे सगळ्यांची नावं-वयं आदल्या रात्रीच प्रवासी यादीत भरून ठेवावीत. दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसबाबत एक चूक दरवर्षी कुणीतरी करतंच. ती मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून घरातून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलं तर गाडी आदल्याच रात्री गेलेली असते. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे. सकाळच्या गाडीला रिक्षावाले भरपूर असतात, पण बोजा जास्त असेल तर ओळखीचा रिक्षावाला आदल्या दिवशी सांगून ठेवलेला बरा.

पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी कराडहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा असं यावं. चिपळूणकडे काम असेल तरच कुंभार्ली घाट. मुंबईहून येताना माणगावच्या आधी-नंतर सुट्टीच्या शनिवारी कोंडी ठरलेली. पहाटे चारला निघालं तर ती टळते, सातला निघालं तर दुपारचं जेवण गाडीतच.

एसटीचा विचारही करावा, विशेषतः बायकामाणसं जास्त असतील तर. महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 च्या पुढे मोफत. वयाचा पुरावा मूळ दाखवावा लागतो, मोबाइलमधल्या फोटोवर वाद होतात. गावात मुक्कामी असलेली वस्तीची गाडी सकाळी लवकर शहरात जाते. तिच्यावर एक फेरी साधली की घरातली गाडी दुसऱ्यांना मोकळी राहते.

आता घराचं. वर्षभर बंद किंवा दोन माणसांचं असलेलं घर एकदम नऊ माणसांचं होतं, तेव्हा पहिला ताण पाण्यावर येतो. मेमध्ये विहिरीचं पाणी तळाला असतं. पंप सलग चालवला तर पाणी तुटतं, पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं. पहाटे वीस-पंचवीस मिनिटं, मग विहिरीला झरे भरायला वेळ द्यायचा, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. धुणं एक दिवसाआड. एक भरलेला सिलिंडर राखीव असू द्यावा आणि विजेरी प्रत्येक खोलीत. वळवाचा पाऊस आला की वीज जाते आणि कधी परत येईल ते कुणी सांगत नाही. गाडी माडाखाली किंवा फणसाखाली लावू नये. सावली दाट असते, पण काचेची भरपाई सावली देत नाही.

मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट: गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत हात घालायचा नाही, करवंदं तोडायला चपलेत जायचं नाही, संध्याकाळनंतर अंगणाबाहेर विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. रत्नागिरीचा कातळ म्हणजे फुरशाचं, एका विषारी सापाचं, घर. साप हातभर लांबसुद्धा नसतो, मातीच्या रंगाचा, आणि माणूस आला म्हणून हलत नाही. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नये. तो हात किंवा पाय हलू न देता थेट रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात. गावठी उतारा, मंत्र यांत गेलेला तास महाग पडतो.

समुद्राचं गणित सोपं आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणपट करायचा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला (दोन्ही पंधरा धरून) सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि साडेबारा तासांच्या आतबाहेर पुन्हा भरती. अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण सहलीला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी वरही जास्त चढतं आणि मागेही जास्त हटतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. मुलांचं पाण्यात खेळणं म्हणूनच पहिल्या दोन-तीन दिवसांत, भांगावर उरकलं. तरीही गुडघ्याच्या वर पाणी नको. पाणी ओसरत असताना तर मुळीच नको, कारण ओढ आत असते. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सपाट असला तरी वाळू पायाखालून सरकते आणि तळ एकदम खोल जातो. तिथले फलक शोभेचे नाहीत. आरे-वारेला खाडीच्या तोंडाशी हाच धोका.

बाहेर पडायचं शक्यतो एक दिवसाआड. सलग दोन दिवस फिरलं की तिसऱ्या दिवशी मुलं चिडचिडी आणि ज्येष्ठ मंडळी गुडघे धरून बसलेली असतात.

नवमीला शहर. थिबा राजवाडा सकाळी उघडल्या उघडल्या बघावा. सोमवारी संग्रहालय बंद. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1885 मध्ये पदच्युत झाला, 1910 मध्ये हा वाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला, एवढं मुलांना गाडीत सांगितलं की आत शिरल्यावर त्यांचं लक्ष लागतं. मग टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, आणि घरी. रत्नदुर्ग दुपारच्या उन्हात करू नये, संध्याकाळी पाचनंतर जावं.

एकादशीला पावस आणि तिथल्या स्नेह्यांकडे जेवण. भेटींबद्दल थोडं स्पष्ट लिहायला हवं. मे महिना हा बागायतदाराचा कापणीचा महिना आहे. सकाळी तो बागेत असतो, दुपारी पेट्या भरतो, संध्याकाळी गाडी भरून लावतो. ‘सहज आलो’ म्हणून सात माणसं अकरा वाजता दारात उभी राहिली तर यजमान हसून स्वागत करतो आणि घरातल्या बाईचा दिवस मोडतो. दोन दिवस आधी फोन, माणसांचा नेमका आकडा, जेवणार की फक्त चहा, आणि शाकाहारी किती. एकादशीचा उपास कोणाला आहे हेही आधीच सांगावं. आम्ही सांगितलं, म्हणून साबुदाणा भिजलेला होता. नेताना पेढ्यांचा पुडा नको, उकाड्यात तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बाकरवडी, चांगला चहा, मुलांना पुस्तकं. येताना कोकम, फणसपोळी, आंबे हातात पडणारच, त्यामुळे दोन रिकाम्या पिशव्या आणि आगळासाठी (कोकमाच्या घट्ट रसासाठी) घट्ट झाकणाची बाटली जवळ ठेवावी. साध्या बाटलीतलं आगळ गाडीच्या सीटवर सांडलं तर डाग जात नाही.

द्वादशीनंतरचा दिवस बागेत. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवताना देठ बोटाच्या पेराएवढा राहिला पाहिजे. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि पुढे तिथूनच फळ सडतं. खांदे देठाच्या वर आलेले, रंग गडद हिरव्याचा फिका झालेला, म्हणजे चौदा आणे, सोळांत चौदा भाग, तयार. झाडावर अधिक ठेवलं तर गोडी वाढेल हा समज हापूसला लागू नाही, उलट साक्याचं (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचं) प्रमाण वाढतं. परतीला नेण्यासाठी असेच कच्चे आंबे घ्यावेत. घरी पोचल्यावर पेंढ्याचा चार बोटं थर, त्यावर आंबे एका थरात, वर पुन्हा पेंढा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज हात फिरवून मऊ झालेले वेगळे काढायचे. आठ-दहा दिवसांत आढी तयार. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले आंबे घामेजतात आणि बुरशी येते.

त्याआधी द्वादशीला, एकादशीला लागून असला तरी, देवरुख-मार्लेश्वर झालं. पायऱ्या पाचशेच्या आसपास, मेमध्ये धबधबा बारीक. गुडघेदुखी असलेल्यांना देवरुखच्या मित्राकडे ठेवून बाकीचे वर गेले. परतताना संगमेश्वरजवळ कसब्याचं कर्णेश्वर मंदिर चुकवू नये, दगडातलं कोरीवकाम पाहायला तासभर हवा.

सगळ्यांत चांगला दिवस चतुर्दशीचा, हेदवीचा. बामणघळ म्हणजे किनाऱ्याच्या खडकातली लांब, अरुंद चीर. भरतीची लाट तीत घुसते, पुढे जायला जागा नसते, म्हणून पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. ओहोटीला गेलं तर नुसती भेग दिसते आणि ‘हेच का ते’ म्हणत लोक परततात. चौदाचा पाऊणपट साडेदहा, त्यातून उधाण. म्हणून सातला घरातून निघून गणपतीपुळे, मालगुंडवरून जयगड, तिथून फेरीबोटीने गाडीसकट तवसाळ आणि पुढे हेदवी. गाडीचं आणि माणसांचं तिकीट वेगळं, सुटे पैसे ठेवावेत, कारण धक्क्यावर मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हातब्रेक ओढायचा. परतीची शेवटची फेरी किती वाजता हे जातानाच विचारून घ्यायचं. चुकली तर घरी यायला लांबचा वळसा. आधी टेकडीवरचा दशभुज गणपती, मग दहाच्या सुमाराला घळ. उभं राहायची जागा ठरवायची खूण अशी: खडक कोरडा असेल तिथपर्यंतच. ओला किंवा हिरवट खडक म्हणजे लाट तिथवर येते, आणि शेवाळावर पाय घसरला तर घळीतून माणूस काढणं फार अवघड. मुलांचे हात मोठ्यांच्या हातात, फोटोसाठीसुद्धा सोडायचे नाहीत.

पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी. आरे-वारेचा किनारा तेव्हा सर्वांत रुंद असतो, ज्येष्ठांना ओल्या घट्ट वाळूवर चालता येतं. दीडेक तासाने समोर सूर्य बुडतो आणि मागे चंद्र वर येतो.

महिनाअखेर येणाऱ्यांसाठी: जलक्रीडा आणि किल्ल्यांवर जाणाऱ्या प्रवासी होड्या 26 मेपासून 31 ऑगस्टपर्यंत बंद असतात, 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. सिंधुदुर्ग किल्ला किंवा ताजी सुरमई मनात असेल तर 20 मेच्या आत उरकावं. आणि परतीच्या रेल्वेत आंब्याची पेटी बाकाखाली ठेवताना भोकांची बाजू भिंतीकडे करू नये, रात्रभर कोंडलेल्या उष्णतेने वरचा थर कुर्ल्यापर्यंत मऊ पडतो.